अमडापूरला वाचायचा राहिलेला पेपर

आमच्या बायोटेक विभागात माझ्या पहिल्या सहा वर्षांत कचोरी फक्त दोनदा आली. वाढदिवस, बढती, मुलाबाळांची लग्नं, यातल्या कशालाही आमच्या विभागाचे सर कचोरी आणत नसत. त्यांचा एखादा संशोधन-पेपर कुणीतरी खरोखर वाचून आपल्या लेखात त्याचा संदर्भ दिला, तरच चिखलीच्या बसस्टँडसमोरच्या दुकानातून कागदात बांधलेल्या गरम कचोऱ्या यायच्या. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत प्रत्येकाला एक. सगळे खात असताना सर त्या परक्या लेखातलं आपल्यावरचं वाक्य उभं राहून मोठ्यानं वाचायचे. प्राचार्य कचोरी खायचे आणि घड्याळ बघायचे.

"खरोखर वाचून" ही अट महत्त्वाची. संशोधनाच्या धंद्यात माणसाची किंमत दोन आकड्यांवर ठरते: किती पेपर छापले आणि ते किती जणांनी आपल्या लेखांत नोंदवले. या दुसऱ्या आकड्याला सायटेशन म्हणतात. आमच्या प्राचार्यांना तो आकडा तेवढा कळायचा. सर मात्र संदर्भ देणाऱ्याचा अख्खा लेख मिळवायचे, आपलं नाव कोणत्या वाक्यात आलंय ते शोधायचे, आणि मग बहुतेक वेळा कागद टेबलावर टाकून म्हणायचे, "लग्नपत्रिकेतलं नाव आहे हे. छापायचं म्हणून छापलं. मांडवात समोर उभा राह्यलो तं हा मले ओळखणार नाही."

सरांचे पेपर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आमच्याच कॉलेजातले इतर लोक एका कामाचे पाच पेपर करायचे आणि पैसे भरून छापून आणायचे. सर त्याला कोशिंबीर म्हणत. एवढीशी काकडी, अन् पाहा किती चकत्या, असं स्टाफरूममध्ये तोंडावर बोलायचे. त्यामुळे मित्र कमी होते. डॉक्टरेट त्यांनी मोठ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत केली होती आणि तिथंच राहता आलं असतं. का नाही राहिलात, असं मी एकदा विचारलं. "काम पराटीवर करायचं अन् पराटी पाहायले रेल्वेनं यायचं, हे मले जमलं नाही." पराटी म्हणजे कपाशीचं झाड. हा शब्द ते विद्यापीठाच्या बैठकीतसुद्धा वापरत आणि पुण्याहून आलेले लोक एकमेकांकडे बघून हसत.

विद्यार्थी त्यांना कुल्फीवाले सर म्हणायचे. शेतातली पानं थंड ठेवून आणायला त्यांनी एका कुल्फीवाल्याचा जुना डबा घेतला होता, त्यात बर्फ भरून तो मांडीवर घेऊन ते एसटीत बसत. कंडक्टर विचारायचा, "मास्तर, मलाई हाय काय?" सर झाकण उघडून त्याला पानं दाखवायचे आणि पानाच्या आत जीन म्हणजे काय असतो हे पुढच्या थांब्यापर्यंत सांगायचे. तिकीट काढायचं राहून जायचं, मग दोघंही गडबडीनं हिशेब पुरा करायचे.

पण त्यांची सगळ्यात चमत्कारिक सवय म्हणजे पेपर वाचून दाखवणं. ज्याच्या शेतातली पानं आणली, त्याच्या शेतात जाऊन, छापून आलेला पेपर त्याला वाचून दाखवायचा. आधी पेपरचं नाव इंग्रजीत, कारण तसं छापलंय आणि छापलेल्याचा मान राखला पाहिजे. मग धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर बसून पुढचं सगळं वऱ्हाडीत. शेतमालक, मजूर बाया, कोणी असेल ते ऐकायचे. "ज्याचं पान तोडलं त्याले सांगायला नको काय?" असा त्यांचा साधा सवाल होता. आणि परत आले की पहिली चौकशी स्वतःचीच करत, आज कोणी काय विचारलं. लोकांचे प्रश्न ते पेपरच्या पाठीमागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवत.

मी दुसरबीडची. शेतातून बाहेर पडायचं म्हणून शिकलेली मुलगी. चिखलीला तासिकेवर नोकरी लागली तेव्हा वाटलं, चला, आता पायाला माती लागणार नाही. तर इथं सर मला दर आठवड्याला बर्फाचा डबा देऊन वावरात उभं करायचे. मी चांगली चिडायचे, पण तोंडानं "हो सर" म्हणायचे.

ज्या पेपरमुळे हे सगळं लिहायला बसले, तो बीटी कपाशीवरचा. ती वर्षं अशी होती की कृषी केंद्रासमोर बियाण्याच्या एका ठरावीक बॅगेसाठी लोक सकाळपासून रांगा लावत. त्या कपाशीच्या पानात एक प्रथिन तयार होतं आणि ते खाऊन बोंडअळी मरते, एवढी तिची ख्याती. तरी अळी दिसतच होती, कुणाच्या बोंडात कमी, कुणाच्या बोंडात जास्त, आणि कपाशीनं खचलेल्या घरांच्या बातम्या रोज येत होत्या. सरांना प्रश्न पडला, सगळ्या झाडांत ते प्रथिन असतं का? अमडापूरचे रहीमचाचा त्यांच्या ओळखीचे. त्यांची जमीन हलकी, मुरमाड. तिथली पानं आम्ही हंगामभर आणली.

पानाचा रस काढून त्यात तपासणीची पट्टी बुडवून प्रत्येक पान तपासलं. बऱ्याच झाडांत प्रथिन होतं, आणि मधूनच एखाद्या झाडात अजिबात नव्हतं. मग त्या झाडांत ते प्रथिन बनवणारा जीन तरी आहे का, हे पाहायचं होतं. ती तपासणी महाग, रसायनं संपत आलेली. मी सुचवलं, "सर, एकेका ओळीतली दहा पानं एकत्र कुटून तपासू." सरांनी थोडा विचार केला आणि हो म्हणाले. प्रत्येक ओळीत जीन सापडला. म्हणजे जीन आहे, पण काही झाडांत तो गप्प बसलाय, प्रथिन करत नाही. हलक्या, कोरड्या जमिनीत जीन झोपतो, असा निष्कर्ष निघाला. परदेशातल्या चांगल्या मासिकानं पेपर घेतला. पहिलं नाव सरांचं, दुसरं माझं.

तो छापून आला तेव्हा सरांचा पाय प्लास्टरमध्ये होता. पेपरची प्रत माझ्या हातात देत म्हणाले, "पोरी, रविवारी अमडापूरले जाय. रहीमचाचाले वाचून दाखव. वावरात कामाले गिरजाबाई असली तं तिलेबी."

मी गेले नाही. कारण फार मोठं नव्हतं, मला लाज वाटली. परदेशी मासिकात नाव छापून आलेली मी, धुऱ्यावर बसून मजूर बायांना वाचून दाखवणार, आणि त्या तोंडाला पदर लावून हसणार. मी रविवारी डोकं धुतलं आणि झोपले. सोमवारी सरांना सांगितलं, "वाचून दाखवला सर. चांगलं आहे म्हणाले."

"अन् इचारलं काय?"

"काही नाही."

सर प्लास्टरवर बोटं वाजवत बसले. "काहीच नाही इचारलं? असं होत नाही." मग त्यांनी पुढची फाइल ओढली, आणि मी सुटले.

पेपर धावत सुटला. आधी थोडे, मग भराभर, कुठकुठल्या देशांतले लोक त्याचा संदर्भ देऊ लागले. प्राचार्यांनी आकडा कॉलेजच्या माहितीपुस्तकात छापला. सर मात्र एकेक लेख काढून वाचत आणि टेबलावर टाकत. पत्रिकेतलं नाव, हेही पत्रिकेतलंच. तीन वर्षं कचोरी आली नाही. एकदा म्हणाले, "एवढे लोक मान डोलवून राह्यले, एकही प्रश्न विचारत नाही. मले भ्या वाटते."

त्याच सुमारास त्यांच्या प्रोफेसरपदाची मुलाखत ठरली. निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती, याआधी दोनदा डावलले गेले होते, आणि आता या एका पेपरच्या जोरावर त्यांना कोणी अडवू शकणार नव्हतं. माझीही कायम होण्याची मुलाखत महिनाभरानं होती. माझ्याकडेही दाखवण्यासारखा पेपर तोच. मुलाखतीच्या अर्जात कामाचा उपयोग काय झाला असा एक रकाना होता. तो भरायच्या आधी रहीमचाचांना विचारून येऊ, म्हणून सरांनी डबा उचलला. मला टाळता आलं नाही.

वेचणी चालू होती. रहीमचाचांनी पाणी दिलं, चहा सांगितला, पण नेहमीसारखे बोलेनात. मग एकदम म्हणाले, "सर, मागल्या साली माही सारी पराटी अळीनं खाल्ली. म्या तक्रार केली. तपासणीवाले आले. त्यायनं मले कागद दाखोला. म्हने, चाचा, जमीन हलकी हाय तुमची. हलक्या जमिनीत बियाण्यातलं औषध झोपून राह्यते. बियाण्याचा दोष नाही. तक्रार खतम. अन् त्या कागदावर तुमचं नाव! माह्याच वावरातले पानं नेले, अन् मलेच नाही सांगतलं? दुसऱ्याच्या तोंडून आयकाव लागलं."

मला वाटलं, आता सर माझ्याकडे वळतील. ते वळले नाहीत. लगेच म्हणाले, "गलती माही हाय चाचा. माहा पाय मोडला होता, अन् मी कोणाले पाठवलंच नाही. आता वाचतो."

आणि तिथंच धुऱ्यावर बसून त्यांनी तो पेपर वाचला. आधी नाव इंग्रजीत, मग वऱ्हाडीत. गिरजाबाई कमरेच्या ओटीत कापूस घेऊन उभी होती. साठीकडं झुकलेली, बारीक, रहीमचाचांच्या वावरात वर्षानुवर्षं राबणारी. ओळीत मधूनच एखादं झाड असं निघालं की ज्याच्यात औषधच नाही, असं सर म्हणाले तशी ती हसली.

"सर, ते तं म्या डोबलेलं!"

"म्हंजे?"

"मोठ्या बॅगीचं बी कुठी कुठी निंघत नाही. तं नांग्या भरा लागतात ना. बॅगीसंगं ते लहानं पाकीट येते, फुकटातलं, त्यातलं बी डोबतो आमी खाली जागेत. फेकून काऊन द्याचं? चांगलं बी हाय. समद्याईच्या वावरात असंच करतात."

डोबणं म्हणजे बोटानं मातीत बी खोचणं, आणि नांग्या म्हणजे ओळीतल्या न उगवलेल्या जागा. ते लहान पाकीट मुद्दाम साध्या कपाशीचं असतं. ते शेताच्या कडेनं लावायचं, म्हणजे अळीला साधी कपाशीही खायला मिळते आणि बीटीची सवय लागत नाही. हे पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. पण न उगवलेली जागा मोकळी ठेवून बी फेकून देणारी बाई वऱ्हाडात जन्माला यायची आहे. आम्ही ज्या झाडांत झोपलेला जीन शोधत होतो, त्या झाडांत जीन कधी नव्हताच. दहा पानं एकत्र कुटल्यावर उरलेल्या नऊ पानांचा जीन दिसला आणि आम्ही तो दहाव्याच्याही नावावर लिहिला.

सर उठले. "यंदाचं असं झाड दाखोता येईन?"

"हे घ्या ना. पान पाहा, जरा निब्बर हाय. दुरून ओळखू येते." तिनं चालता चालता सात झाडं दाखवली. आम्ही ती पानं वेगवेगळी बांधून आणली. सातही साधी निघाली. आमच्या पट्ट्या आणि यंत्रं जे हंगामभर सांगू शकली नाहीत, ते गिरजाबाई चालता चालता सांगत होती.

परतीच्या बसमध्ये सर डबा मांडीवर घेऊन खिडकीबाहेर पाहत होते. एकदाच बोलले, "दहा पानं एकत्र कुटायला नको होती." कुणी सुचवलं होतं ते बोलले नाहीत. मी तो पेपर वाचून दाखवल्याची थाप मारली होती, त्याबद्दल तर एक अक्षर नाही. त्या दिवशी नाही, आणि नंतर कधीच नाही.

आठवडाभरात त्यांनी मासिकाला पाठवायचं, पेपर मागं घेत असल्याचं पत्र तयार केलं. त्यावर दोघांची सही लागणार होती. मी भांडले. त्यांच्याशी मोठ्या आवाजात बोलायची माझी ती पहिली वेळ.

"सर, दोन महिने थांबा. मुलाखत होऊ द्या."

"कोणाची? माही का तुही?"

"दोघांची. कुणाला माहीत आहे? जगात कुणी एक प्रश्न विचारला नाही, तुम्हीच म्हणता."

"जगाले नाही सांगत मी. ज्या माणसाची तक्रार माह्या कागदानं मारली, त्याच्यासमोर पाणी पिऊन आलो ना आपण?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुही नोकरी जाऊ देणार नाही मी. पण सही कर."

मी नऊ दिवस सही केली नाही. सर रोज तो कागद माझ्या टेबलावर ठेवत आणि संध्याकाळी परत नेत. नवव्या दिवशी मी तो प्रथमच नीट वाचला. चूक कशी झाली ते चार ओळींत होतं. त्यात एक वाक्य असं: निष्कर्ष प्रसिद्ध करताना तो शेतात वाचून दाखवण्याची आमच्या विभागाची पद्धत या वेळी पाळली गेली नाही, याची जबाबदारी संपूर्णपणे पहिल्या लेखकाची आहे. आणि शेवटी, जिथं मोठमोठ्या शास्त्रज्ञांचे संदर्भ देतात तिथं, एकच संदर्भ: गिरजाबाई, अमडापूर, प्रत्यक्ष संभाषण.

मी सही केली. त्याच वेळी बोलायला हवं होतं. सर, तुम्ही पाठवलं होतं, मी गेले नाही, एवढी दोन वाक्यं होती. माझ्याच्यानं झालं नाही. मासिकाच्या संपादकानं विचारलं, या गिरजाबाई कोणत्या संस्थेच्या? सरांनी कळवलं, रहीमचाचांच्या वावरात काम करतात, याहून मोठी संस्था त्यांना सध्या नाही. संपादकानं नाव आणि गाव तसंच छापलं.

मुलाखतीत समितीनं विचारलं, तुमचा सगळ्यात गाजलेला पेपर यादीत दिसत नाही. सरांनी गिरजाबाईची हकीकत सांगितली, नेहमीप्रमाणे वऱ्हाडीत. समिती हसली, छान आहे म्हणाली आणि प्रोफेसर दुसऱ्याला केलं. सर रहीमचाचांना घेऊन त्या तपासणीवाल्यांच्या ऑफिसात गेले. तिथं सांगितलं, ती फाइल बंद झाली. तरी त्यांनी पत्राची प्रत दिली आणि पोचेचा शिक्का मारून घेतला. त्यानंतर आमच्या तालुक्यात कुणाला तो कागद दाखवला गेल्याचं ऐकलं नाही. रहीमचाचांची भरपाई मात्र आली नाही ती नाहीच. माझ्या मुलाखतीच्या दिवशी सर दाराबाहेर बसून होते. मी कायम झाले. सर होते त्याच पदावरून निवृत्त झाले, आणि चार वर्षांपूर्वी गेले.

तो पेपर मात्र मरत नाही. मागं घेतल्यावरही लोक त्याचा संदर्भ देतच आहेत, आकडा वाढतोच आहे. मी प्रत्येकाला पत्र लिहिते की बाबांनो, हा चुकलेला आहे. उत्तर येत नाही. कॉलेजच्या तपासणीला आलेल्या एका समितीच्या अध्यक्षांनी त्याच आकड्याबद्दल माझं अभिनंदन केलं. मी खरं काय ते सांगितलं, तर म्हणाले, "असू द्या मॅडम, आकडा तर आहे ना."

या हिवाळ्यात एक लेख आला. तेलंगणातली कोणी तरुण संशोधक. तिनं आमच्या पेपरचा संदर्भ दिला नव्हता, माघारीच्या पत्राचा दिला होता. पानं गोळा करण्याआधी तिनं प्रत्येक शेतात नांग्या भरणाऱ्या बायांना विचारलं होतं कोणतं झाड कुणी डोबलं, आणि ही रीत कुणाकडून घेतली तर अमडापूरच्या गिरजाबाईंकडून, असं लिहिलं होतं. मी ते वाक्य तीनदा वाचलं आणि टेबलावर डोकं ठेवून रडले. मग उठून बसस्टँडसमोर गेले आणि विभागाला कचोरी आणली. दोन वेगळ्या बांधून घेतल्या, कपाटातून जुना पेपर काढला आणि अमडापूरची बस धरली.

रहीमचाचा आता नाहीत. त्यांच्या वावरात सोयाबीन आहे. गिरजाबाई घरासमोर सुपात तूर पाखडत होती. तिनं मला ओळखलं. "सर नाही आले?" विचारलं, मी ते गेल्याचं सांगितलं, तशी तिनं सूप खाली ठेवलं.

मी तिला त्या मुलीचं वाक्य वाचून दाखवलं. आपलं नाव ऐकून ती लाजली आणि कचोरीचा तुकडा हातातच धरून बसली. मग मी म्हणाले, "गिरजाबाई, त्या वर्षी सरांनी मला पाठवलं होतं. हा पेपर देऊन पाठवलं होतं. मीच आले नाही."

तिनं कचोरीचा तुकडा कागदावर ठेवला आणि पदराला हात पुसले. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

"आणला काय तो?"

"आणलाय."

"मंग तो वाच आता."

मी उंबऱ्याजवळ बसले. आधी नाव इंग्रजीत वाचलं, मग पुढचं माझ्या दुसरबीडच्या बोलीत सांगू लागले. दुसऱ्याच वाक्याला तिनं हात वर करून मला थांबवलं आणि प्रश्न विचारला.